शिल्लक प्रती

कौन्सिलचा माणूस दारात उभा.
"पुस्तकं निळ्या डब्यात, पुठ्ठे वेगळे. किती खोकी आहेत?"
मोजतो आहे, म्हणतो मी.
सकाळपासून मोजतोच आहे.

एनिड थ्रेलफॉल गेली त्याला आज बावीस दिवस.
मोरकमच्या वर्तमानपत्रात आलं:
लेखिका, अनुवादक, प्रकाशक, नाटककार.
चार शब्द, मधे स्वल्पविराम,
जणू एकातून उठून ती आरामात दुसऱ्यात जाऊन बसली.
मला आठवते ती एकाच खुर्चीत,
पायांशी रॉकेलचा हीटर, मांडीवर शब्दकोश,
तोंडातली पेन्सिल बोलतानाही न काढलेली.

मी तेव्हा सोळा वर्षांचा. आई कोळंबी सोलायची;
एनिडला वाटलं, या पोराची बोटं कामाची असणार.
आठवड्याला दोन पौंड, शिवाय चहा.
जीभ कोरडी पडेतो मी तिकिटं चिकटवायचो.
गॅरेजमध्ये छापयंत्र, न्हाणीघरात कागद,
म्हणून ती आंघोळीला शेजारी जायची,
खांद्यावर टॉवेल, भर रस्त्यातून, प्रकाशकाच्या ऐटीत.

दोन कादंबऱ्या लंडनने छापल्या, तिसरी परत पाठवली.
त्या पत्राच्या पाठीवर तिने यादी लिहिली:
अंडी, काडेपेटी, शाई.

नाटक एकच. गालिच्यांच्या दुकानावरची खोली, चार रात्री.
दोन बायका, एक होडी, ओहोटी.
भरती येईतो त्या बोलतात, एवढंच.
तिसऱ्या रात्री प्रेक्षक नऊ, त्यातला एक कुत्रा.
समीक्षकाने हॉलमधल्या थंडीवर दोन ओळी लिहिल्या, नाटकावर एक.
ती म्हणाली, "थंडीबद्दल त्याचं बरोबर आहे."

पण भाषा?
भाषा तिला विद्यापीठात भेटली नाही.
लिनोलियमच्या कारखान्यात, युद्धानंतरच्या हिवाळ्यात,
शेजारच्या यंत्रावर टिल्का ह्रिबार नावाची निर्वासित मुलगी होती.
डबा खाताना तिने शिकवलं:
पाव, हात, बर्फ, परत कधी.
आणि हे, की आमच्या स्लोव्हेनियनमध्ये
एक आणि अनेक यांच्या मधे आणखी एक घर आहे,
फक्त दोघांपुरतं.
क्रियापदसुद्धा तिथे वेगळं वळतं.
साडेतीन वर्षांनी टिल्का कॅनडाला गेली.
द्विवचन एनिडकडे राहिलं,
एकटीला वापरता न येणारं.

तिने अनुवादलेलं, तिनेच छापलेलं ते पुस्तक:
डोंगरातल्या कुण्या कवयित्रीच्या चाळीस कविता.
प्रती तीनशे. विकल्या एकशे बारा.
अकरा वर्षं ती एका ओळीपाशी अडली होती.
"आम्ही" लिहिलं तर सगळं गाव आत शिरतं.
"आम्ही दोघी" लिहिलं तर कडी लावल्याचा आवाज येतो.
मूळ ओळीत ना गाव, ना कडी.
शेवटी छापलं "आम्ही",
आणि त्या दिवशी तिने चहा घेतला नाही.

आता खोकी उघडतो आहे,
तर पान सत्तेचाळीस, प्रत्येक प्रतीत,
"आम्ही"च्या पुढे पेन्सिलने बारीक: दोघी.
दुसऱ्या खोक्यात तेच. तिसऱ्यात अक्षर थरथरतं.
चौथ्यात रबराने पुसलंय, कागदाची लव उभी राहिलीय.
पाचव्यात पुन्हा दोघी,
दाबून, पलीकडच्या पानावर उमटेल इतकं.
सहाव्यात "आम्ही"वरच रेघ मारलेली,
पुढे जागा मोकळी.

कुणी मागितलं नव्हतं हे.

बाहेर भोंगा वाजतो. भरती वाळूवर चढते आहे;
इथे ती चालत येत नाही, धावत येते,
पाठ फिरवू नकोस, आई म्हणायची.
सहा खोकी, सांगतो मी त्याला.
दोन प्रती कोटात घातल्या आहेत,
एक पुसलेली, एक दाबून लिहिलेली;
पायऱ्या उतरताना एकमेकींवर आपटतात.
"पाच," म्हणतो मग.
"सहावं राहू दे."